पट्टीवरची खूण

"कुठनं मुततीस बये, एकदा सांगून तरी टाक," मोटारीखालून बिभीषण पुटपुटला. "तीन दिस झाले तुझ्या पाया पडायलोय."

हे तो मोटारीला म्हणत होता, पण माझी पावलं त्याच्या डोक्यापासून हातभरावर होती. मी चहाचा पेला घेऊन तबेल्यात आले होते आणि त्याला बोलू द्यावं म्हणून खाकरले नव्हते. त्याला माझी जोडवी दिसली असावीत, कारण खालचा पान्याचा आवाज थांबला. "अक्का, तुमी हाव व्हय?" मी हो म्हटलं. "काय ऐकलं न्हाई न्हवं?" मी म्हटलं, काही नाही. आमच्या घरात ऐकून न ऐकल्यासारखं आणि बघून न बघितल्यासारखं करायची सवय वर्षभरात सगळ्यांनाच झाली होती, त्यामुळे मला ते जड गेलं नाही. बिभीषण घासत घासत बाहेर आला. मूळचा लोहार, पण औरंगाबादेला मोटारींच्या कारखान्यात आठ वर्षं काढलेली. आता बीडला त्याचं स्वतःचं दुकान होतं आणि आमच्या यजमानांनी खास माणूस पाठवून त्याला मोमिनाबादेला आणवलं होतं. त्याच्या कपाळावर काळ्या तेलाचा एक थेंब पडून नाकाच्या बाजूनं खाली ओघळलेला होता. त्याने पेला घेतला आणि मोटारीकडे न बघता चहा प्यायला, रुसलेला माणूस घरच्यांकडे न बघता जेवतो तसा.

मोटार घेतली तेव्हा आमची मुक्ता नऊ वर्षांची होती, आणि आता विसाव्या वर्षी तिला सातवा महिना लागला होता. म्हणजे मोटारीला आमच्याकडे दहा वर्षं झाली, आणि आमच्याकडे येण्याआधी ती हैद्राबादच्या एका बड्या अंमलदाराकडे होती. रिसाल्याच्या वेळचा हा तबेला आमच्या घरामागे होता. तो आम्ही भाड्यानं घेतला तेव्हा गव्हाणीत अजून घोड्यांची चंदी सापडायची. मोटार आल्यावर पहिल्या दसऱ्याला यजमानांनी तिला झेंडूची माळ घातली. त्यांचं नाव मी घेत नाही, पण लिहिताना लिहायला हरकत नाही: अर्जुनराव, मुन्सफ कोर्टातले वकील, घर मूळचं नांदूरघाटचं, जमीनजुमल्याचं आणि बैलगाड्यांचं. गाडी मोटारीची असली तरी यांच्या डोक्यातले नियम बैलगाडीचे. गाडी घराबाहेर निघण्याआधी कण्याला वंगण घालायचं, लागो न लागो. कणा तहानलेला ठेवायचा नाही. आणि लेकीला पहिल्या बाळंतपणाला आणायला निघाली गाडी, तर वंगण घालायचं मालकानं स्वतःच्या हातानं आणि कासरा धरायचाही मालकानंच. गडी नाही, भाऊ नाही, जावई तर नाहीच. माझ्या सासऱ्यांनी माझ्या नणंदांना असंच आणलं होतं. यांनी मुक्ताला असंच आणायचं ठरवलं होतं: सोमवारी सकाळी निघायचं, धारूरचा घाट उतरून दिंद्रुडला जायचं, मंगळवारी तिला घेऊन तोच घाट चढून परत.

आज शनिवार होता, आणि मोटारीखालच्या फरशीवर परातीएवढा काळा डाग होता.

मला तो डाग आवडत होता. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. गुरुवारी बिभीषणनं खालचा तेल सोडायचा बोल्ट काढला, त्याखालची चकती झिजली आहे म्हणाला, आणि मोटेच्या जुन्या चामड्याची नवी चकती कापून तेलात भिजवून बसवली. शुक्रवारी सकाळी डाग होताच. मग त्याने इंजिनाच्या पोटाखालचं तेलाचं पात्रच उतरवलं. तिथं सांध्यात बसवायला कॉर्क नव्हता, म्हणून आमच्या मुनशीनं, उत्तरेश्वरनं, निकाल लागून गेलेल्या एका दाव्याचा जाड पुठ्ठा दिला. त्यातून कात्रीनं वळणं काढत काढत बिभीषणनं कडेकडेनं भोकं पाडली. उत्तरेश्वर कडेला उभा राहून म्हणाला, "सात वर्षं चाललेला दावा आहे, काही गळू द्यायचा नाही." बिभीषण हसला. रात्री त्याने नवं तेल मोजायच्या पट्टीवरच्या खुणेपर्यंत भरलं. आज सकाळी पुन्हा डाग. बिभीषणचा चेहरा पडला आणि माझ्या मनात काहीतरी सैल झालं. गळू दे, मी म्हटलं. सोमवारपर्यंत गळू दे. म्हणजे बैलांची दमणी जोडतील, दोन दिवस जास्त लागतील, बैल आपली वाट ओळखून चालतील, पोरगी हळूहळू येईल, आणि कुणाला काही बोलावं लागणार नाही.

बोलायचं होतं ते एवढंच होतं, पण ते एवढंच आमच्या घरात सगळ्यात मोठं होतं. ते कधी सुरू झालं हे मला सांगता येत नाही. मला आठवतं ते असं की एक दिवस मी यांच्या ताटात चटणी उजवीकडे वाढली, आणि यांचा हात डावीकडे गेला, आणि रिकाम्या जागेवर बोटं दोनदा टेकून परत आली. दुसऱ्या दिवसापासून मी चटणी डावीकडेच वाढू लागले, भाकरी मधोमध, पाण्याचा तांब्या अंगठ्याच्या बाजूला. मी बायनाबाईला काही सांगितलं नाही, तरी स्वयंपाक करणारी ती बाई महिनाभरात तसंच वाढायला लागली. उत्तरेश्वर बैठकीतल्या खुर्च्या हलवेनासा झाला. पूर्वी कोर्टाचे उर्दू कागद हे स्वतः वाचायचे, मुनशी नुसता हातात द्यायचा. आता मुनशी वाचायचा आणि हे डोळे मिटून ऐकायचे, आणि पक्षकार बाहेर जाऊन सांगायचे की वकीलसाहेबांना सगळं तोंडपाठ आहे. तेही खोटं नव्हतं. चहा कपात ओतताना हे करंगळी आत धरायचे. कोर्ट घरापासून अर्धा मैल, रस्ता सरळ; तेवढं मोटारीनं जाताना इतका भोंगा वाजवायचे की शेरडंसुद्धा बाजूला व्हायला शिकली होती.

आणि मी वाचत होते. हेही त्यातच येतं आणि याची मला लाज आहे. मी शाळेत गेलेली नाही. पंचांगावरून वाचायला शिकले, कारण पंचांगात दर वर्षी तेच शब्द येतात आणि न कळलेला शब्द पुढच्या वर्षी पुन्हा विचारता येतो. त्यामुळे 'आई' वाचता येण्याआधी मला 'भद्रा' वाचता आलं. यांनी कधी अडवलं नाही, पण शिकवलंही नाही. दोनचार महिन्यांत एखादी चौकशी, "किती आलं तुझं?" एवढीच. मग गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी पुण्याहून येणारं वर्तमानपत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मोठ्यानं वाच. तुझा सराव होईल." मी अडखळायचे, हे न बघता चूक सांगायचे, आणि मला वाटायचं केवढा हा विद्वान माणूस. वर्तमानपत्रानंतर पुस्तकं आली. मग पत्रं आली. मला संध्याकाळची इतकी ओढ लागली की दुपारची कामं मी भराभरा उरकू लागले. केव्हातरी एकदा मुद्दाम एक बातमी मनानं रचून वाचली, लातूरला आभाळातून मासे पडले म्हणून. हे म्हणाले, "असं होतं कधी कधी." पान मागून बघितलं नाही. तेव्हा मला कळलं. तेव्हाच बोलायचं होतं. मी पान उलटलं आणि पुढची बातमी वाचली.

मुक्ताचं पत्र मागच्या आठवड्यात आलं. ते मी यांना वाचून दाखवलं: सर्व खुशाल आहे, पायांना सूज येते, सासूबाई लोणी चोळायला सांगतात, वाट बघते. मधल्या चार ओळी मी वगळल्या. त्यांत तिनं लिहिलं होतं की आई, मागच्या वेळी मला पोचवायला येताना घाटात एका वळणावर बाबांनी विचारलं, मुक्ता, डावीकडं काय दिसतंय? मी म्हटलं, दरी. ते हसून म्हणाले, छान, लक्ष आहे तुझं. आई, ते माझी परीक्षा घेत नव्हते. तू काहीतरी कर. चार ओळी वगळताना माझा आवाज हलला नाही. सराव झाला होता.

चहा पिऊन झाल्यावर बिभीषण पुन्हा खाली गेला आणि पुन्हा वर आला. "सगळीकडं तेलच तेल हाय, अक्का. कुठनं आलं अन् कुठं गेलं कळंना. आभाळातनं पडल्यासारखं." मी खरं तर तिथून निघायला हवं होतं. पण माणसाला एखादी गोष्ट येत असली की ती दाखवल्याशिवाय राहवत नाही. मला या वयातही राहवत नाही. मी म्हटलं, "घागर गळते तेव्हा आम्ही काय करतो माहीत आहे? कोरडी पुसतो, बाहेरून पीठ लावतो आणि मग पाणी भरतो. जिथं पीठ ओलं होतं तिथं भोक." बिभीषण माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "औरंगाबादच्या साहेबाला बी हे न्हाई सुचलं." मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी काय करते आहे ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

घासलेटच्या चिंध्यांनी त्याने इंजिन पुसलं, वरपासून खालपर्यंत, अगदी बोटांच्या पेरांनी कोपरे काढत. ते वाळायला तास गेला. मी ज्वारीच्या पिठाचा डबा आणला. बायनाबाई दारात उभी राहून म्हणाली, "आता मोटारीला भाकरी घालायची व्हय? दळण मलाच दळायचं हाय, ध्यानात ठिवा." आम्ही फडक्याच्या पुरचुंडीतून पीठ उडवलं. काळं इंजिन पांढरं झालं, म्हाताऱ्या माणसासारखं दिसायला लागलं. मग बिभीषणनं हँडल मारलं. इंजिन धडधडलं, तापलं, आणि तबेल्यात भाकरी भाजल्याचा वास सुटला. आम्ही दोघं दोन बाजूंनी वाकून बघत होतो. खालच्या सांध्यात, दाव्याच्या पुठ्ठ्याच्या कडेला, पीठ कोरडं होतं. बोल्टपाशी कोरडं. पण वर, कुशीतल्या झाकणाच्या कडेनं एक करडी रेघ उमटली, मग काळी झाली. आणि मागे, जिथून दांडा बाहेर निघतो, तिथून दुसरी.

बिभीषणनं इंजिन बंद केलं. "हितवर तेल यायलाच नको," तो म्हणाला. "हे गळतंय न्हवं. हे डचमळून भायर यायलंय, तोंडोतोंड भरल्या घागरीवानी." त्याने तेल मोजायची पट्टी काढली, पुसली, आत घातली, पुन्हा काढली. तेल खुणेच्या चांगलं चार बोटं वर होतं. "म्या राती खुणेवर ठिवलतं," तो म्हणाला. "माझ्या हातानं. रातीत तेल वाढतं का कुठं? कुणी वतलं हे?"

मला पहाटे तेलाच्या डब्याचं झाकण वाजलेलं ऐकू आलं होतं. रोजच येतं. हे उठतात, तबेल्यात जातात, पट्टी काढून तिच्यावर अंगठा फिरवतात. खूण झिजलेली, दहा वर्षांहून जुनी. अंगठ्याला लागत नाही, आणि अंगठा फिरला की तेलाची रेघही पुसली जाते. मग एक तांब्या ओततात. तहानलेलं ठेवायचं नाही. एकदा मी दारातून हे बघितलं होतं. ओतून झाल्यावर यांनी मोटारीच्या नाकाडावर हात ठेवला होता, बैलाच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि बराच वेळ तिथं उभे होते. मी आवाज न करता परत आले आणि चूल पेटवली.

"साहेब स्वतः ओततात," मी म्हटलं.

बिभीषणनं पट्टीकडे बघितलं. मग माझ्याकडे. हुशार माणूस, त्याने अजून काही विचारलं नाही. आधी दोनदा त्याने यांना विचारलं होतं, "सोमवारी मी येऊ का संगं, मोटार चालवायला?" आणि दोन्ही वेळा यांनी सांगितलं होतं की आमच्यात लेकीच्या गाडीला परका हात लागू देत नाहीत. पट्टी त्याने बोटांत फिरवली, नखानं खूण चाचपली, आणि खाली मान घालून म्हणाला, "खूण लई पुसट झालीया. कानशीनं जरा खोल करून देतो. अंगठ्याला लागंल अशी. म्हंजी उजेड कमी असला तरी अडचण न्हाई."

उजेड कमी असला तरी. किती छान शोधून काढलं त्याने. मी बरं म्हटलं. तो कानस घासू लागला आणि मी पिठाचा डबा घेऊन घरात आले. निम्म्या अंगणात थांबले. चटणी डावीकडे, भाकरी मधोमध, खुर्च्या जागच्या जागी, आणि आता पट्टीवर खोल खूण. आम्ही सगळे मिळून हे जग यांच्या बोटांना कळेल असं करत चाललो होतो, प्रेमानंच, आणि चांगलं करत होतो; फक्त धारूरच्या घाटाला कानस लावता येत नव्हती. गळती सापडली होती. मीच शोधली होती. आता मोटार सोमवारी निघणार होती, आणि परत येताना तिच्यात माझी पोर बसणार होती, आणि वळणावर हे तिला विचारणार होते, डावीकडं काय दिसतंय.

रविवारी बिभीषणनं जास्तीचं तेल काढलं, झाकणाखाली नवी चकती घातली, मोटार गावाबाहेर नेऊन आणली. संध्याकाळी फरशी कोरडी होती. मी दिवसभर वाक्यं जुळवत होते. सकाळचं ऊन घाटात डोळ्यांवर येतं, असं एक. मुक्ताला मागं धरून बसायला कुणीतरी हवं, तुम्हीच बसा, हे दुसरं. बिभीषणला आपल्याकडं कायमचं ठेवून घ्यायचं तर त्याचा गाडीवरचा हात बघायला नको का, हे तिसरं, आणि सगळ्यांत चांगलं. रात्री वाचायला बसलो तेव्हा हे म्हणाले, "आज आवाज बसलाय तुझा. राहू दे." मी म्हटलं, नाही, वाचते. आणि वाचलं.

सोमवारी उजाडता उजाडता सगळे तबेल्यात होते. बायनाबाईनं ओटीचं सामान मागच्या बाकावर ठेवलं. यांनी कोट चढवला होता, रुमाल बांधला होता. पट्टी काढली, वरून खाली अंगठा फिरवला, आणि अंगठा खुणेवर थांबला: वर कोरडं, खाली तेल. यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. पुन्हा फिरवला, पुन्हा थांबला. तांब्या हातात होता, त्यातलं तेल यांनी नीट डब्यात परत ओतलं, एक थेंब सांडला नाही. "बिभीषण, आज तेल बरोबर आहे."

"व्हय, साहेब."

"गळती कुठं होती मग?"

"झाकणात," बिभीषण म्हणाला. "चकती गेलती."

हे बसले. बिभीषणनं हँडल मारलं. मोटार पहिल्या झटक्यात लागली. मी माझ्या तीन वाक्यांतलं तिसरं तोंडात घोळवत होते, आणि ते तोंडातून निघत नव्हतं. इतकं गुळगुळीत झालं होतं की धरताच येत नव्हतं. म्हणून मी चालत गेले आणि मोटारीच्या पुढे उभी राहिले, दोन दिव्यांच्या मधोमध. यांनी मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता विचारतील, हे काय. यांनी भोंगा वाजवला, रोज वाजवतात तसा, आणि ब्रेक सोडला.

मोटार हातभर पुढे आली. माझ्या लुगड्याला ऊन लागलं, इंजिनाचं. बिभीषणनं दोन्ही हात नाकाडावर टेकले. "साहेब, थांबा जरा."

मोटार थांबली. "का रे? काय आहे?"

बायनाबाईनं पदर तोंडाला लावला. उत्तरेश्वर पुढे झाला, त्याच्या कोर्टातल्या आवाजात म्हणाला, "काही नाही साहेब, एक दगड आहे चाकापुढं, आता काढतो."

"दगड नाही," मी म्हटलं. "मी आहे. समोर उभी आहे. तुम्हाला दिसत नाही."

इंजिन धडधडत होतं, त्यामुळे मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून मी बाजूनं त्यांच्यापाशी गेले. जवळून सांगितलं. "वर्ष झालं, तुम्हाला दिसत नाही. मला माहीत होतं. मला वाचायला मिळत होतं म्हणून मी गप्प बसले. मुक्तालाही माहीत आहे. तिनं लिहिलं होतं, ते मी तुम्हाला वाचलं नाही."

यांनी हात पुढे करून इंजिन बंद केलं. तापलेलं लोखंड टिकटिकत राहिलं. बिभीषण भिंतीकडे तोंड करून हात पुसत राहिला, पुसलेलेच हात. मग हे बाकावरून हळूहळू पलीकडे सरकले, डाव्या अंगाला, आणि सुकाणूच्या चाकापुढची जागा मोकळी झाली. कोटाची बटणं एकदा चाचपली. वकिलाला चुकीची तारीख सहन होत नाही; कोर्टात बोलतात तसं, कुणाकडेही न बघता म्हणाले,

"वर्ष उजव्या डोळ्याला झालं. डाव्याला दोन."